सापावरच्या कार्यक्रमाला टाळ्या पडल्या, तरी पेशंट आधी देवळातच का गेला?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवता, मे महिन्याच्या शेवटी गावात सापांवर कार्यक्रम घेतलात, प्रोजेक्टर लावून नाग, मण्यार, घोणस, फुरसं सगळ्यांचे फोटो दाखवलेत, साप चावला की थेट दवाखाना हे तीन-चार वेळा सांगितलंत, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्याच वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांना बांधावर घोणस चावली तर घरच्यांनी आधी देवळात नेऊन कौल लावला, तिथे दोन तास गेले, मग तालुक्याला. आजोबा वाचले पण किडनीवर आलं, डायलिसिस लागलं, आणि गाव म्हणतंय देवाने राखलं. त्यात गावच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोय, होमिओपॅथीचे दोन थेंब जिभेवर टाका, कुठल्याही सापाचं विष उतरतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत की हे साफ खोटं आहे, अडाणीपणा बंद करा, तर लोक तुमच्यावरच तुटून पडले. आता तुम्ही विचारताय की लोकांना खरं ऐकायचंच नसतं का.

ऐकायचं असतं हो. मी कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर म्हणून २४ वर्षं काढली, पावसाळ्यात आमच्याकडे सापाची केस आली नाही असा आठवडा आठवत नाही, आणि वाडीवाडीवर जाऊन बोलणंही तेवढीच वर्षं चाललंय. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. माणूस मांत्रिकाकडे जातो तो अडाणी आहे म्हणून जात नाही, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी तिथे माणसं बरी झालेली बघितलेली असतात म्हणून जातो. आपण प्रोजेक्टरवर जे दाखवतो ते त्याने बघितलेलं नसतं. मग तो स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो, तुम्ही-मीसुद्धा तेच करू. म्हणून त्याने जे बघितलंय ते खोटं आहे असं सांगून काही होत नाही, ते तसं का दिसलं हे उलगडून सांगावं लागतं. आणि तेच आपण बहुतेक वेळा करत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते. मी वाडीवर जाते तेव्हा प्रोजेक्टर नेत नाही, पिशवीत २० काजूबिया नेते. ओटीवर बसायचं, बायका असतात, म्हातारी माणसं असतात, पोरं पुढे असतात. बिया जमिनीवर मांडायच्या आणि सांगायचं की या आपल्या पंचक्रोशीत साप चावलेल्या २० जणांच्या बिया. मग विचारायचं की आपल्याकडे साप कुठले कुठले? धामण, दिवड, नानेटी, कवड्या, तस्कर, हरणटोळ अशी नावं ते स्वतःच घेतात, आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहिती असतात. हे सगळे बिनविषारी नाहीतर माणसाला काही न होणारे, आणि चावण्यात यांचाच वाटा मोठा. भारतातल्या सर्पदंश उपचाराच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये आकडा आहे की १०० पैकी ७० दंश बिनविषारी सापांचे असतात. म्हणजे २० पैकी १४ बिया बाजूला काढायच्या, आणि हे काम एखाद्या पोराकडून करून घ्यायचं. राहिल्या सहा. या सहा जणांना खरोखर नाग, मण्यार, घोणस, फुरसं यातलं काहीतरी चावलंय. पण विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही, निम्म्या वेळा तो नुसते दात लावतो, आम्ही त्याला कोरडा दंश म्हणतो, विष त्याच्यासाठी भक्ष्य मारायची वस्तू आहे, तुमच्या पायावर उधळायला त्याने ते साठवलेलं नसतं. म्हणजे अजून तीन बिया बाजूला. आता बाजूला किती? १७. या १७ जणांना अंगारा लावा, कोंबडी लावा, पाला खायला द्या, नाहीतर नुसतं घोंगडी घालून झोपवा, सगळे सकाळी उठून चहा पिणार. आणि उठले की नाव कोणाचं होणार?

इथे थांबायचं. उत्तर आपण द्यायचं नाही, ते ओटीवरून कोणीतरी देतंच, बहुतेक वेळा एखादी आजी देते. मग उरलेल्या तीन बियांवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ही तीन माणसं. यांच्यासाठी मी आलेय. साप चावल्या क्षणी आपला माणूस १७ मधला की तिघांमधला हे मलाही कळत नाही, भगताला (आमच्याकडचा मांत्रिक) पण कळत नाही, ते कळायला तासन् तास जातात आणि तोपर्यंत तिघांची वेळ निघून गेलेली असते, म्हणून २० च्या २० दवाखान्यात आणायचे आणि २४ तास ठेवून घ्यायचे.

या पद्धतीत कोणाचा अपमान झाला नाही. ज्या बाईचा नवरा भगताकडे बरा झाला ती खोटी पडली नाही, भगत लबाड ठरला नाही (त्यांतले बरेच लबाड नसतातच, त्यांचा स्वतःचा खरोखर विश्वास असतो कारण त्यांना यश मिळताना दिसतं). फक्त त्यांच्या अनुभवाला एक कारण मिळालं. १०० पैकी ८५ बरे होणारच असतील तर कोणालाही वाटेल की आपल्या हाताला गुण आहे. तुमच्या शाळेत मुलांना शेकडेवारी शिकवता तेव्हा हेच घ्या, वहीत सोडवून घरी सांगतात ती.

सुरुवातीच्या वर्षांत मी हे असं करत नव्हते. मी एका वाडीवर भर सभेत तिथल्या भगताचं नाव घेऊन बोलले होते, की हा माणसं मारतोय. मला वाटलं मी धाडस केलं. झालं असं की पुढची दोन वर्षं त्या वाडीवरून पेशंट यायचेच बंद झाले, आणि आले ते रात्री उशिरा, चोरून, आधी कुठे नेलं होतं ते लपवून. एका बाईला फुरसं चावून आठ तास झाले होते, हिरड्यांतून रक्त येत होतं आणि घरचे मला सांगत होते आत्ताच चावलंय. मी त्या वेळेवर विश्वास ठेवून निर्णय घेत होते. ती वाचली, पण त्या रात्री मला कळलं की मी त्या वाडीचं तोंड बंद करून ठेवलंय. लोकांनी आपल्याला खरी वेळ सांगावी इतका तरी विश्वास पाहिजे, बाकीचं विज्ञान त्याच्या नंतर.

मग मी त्याच भगताच्या घरी गेले. तीन वेळा गेले, तिसऱ्यांदा चहा मिळाला. त्याला मी एवढंच सांगितलं की तुमचं जे काय असेल ते करा, पण गाडीत बसून करा. अंगारा लावा, नारळ ठेवा, दोरा बांधायचा तर मनगटाला सैल बांधा, चावलेल्या पायाला आवळू नका, आणि पेशंटबरोबर माझ्यापर्यंत या. आज तो स्वतः मोटरसायकलवर मागे बसून पेशंटला मधे धरून आणतो, आणि वॉर्डात आला की मीही त्याला बाहेर काढत नाही. यावर माझे काही मित्र माझ्यावर चिडतात, चळवळीतली माणसं आहेत, म्हणतात तू अंधश्रद्धेला मान्यता देतेयस. त्यांचं दुखणं मला समजतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यांनी वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी जीव आटवला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला, आणि त्या कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. नीट वाचलंत तर गुन्हा उपचारापासून अडवण्याचा आहे. जो अडवतो त्याच्यावर तक्रार झालीच पाहिजे आणि मी केलेली आहे. पण जो गाडीत बसून येतो तो माझ्या बाजूचा माणूस आहे असं मी मानते, आणि वाडीवरचे पेशंट आता तासाभरात येतात म्हणून मानते.

तुमच्या गावात भगत नाही, कौल आहे. तिथे गुरव काकांशी बोला, तेही एकटे जाऊन, आणि त्यांना विचारा की कौल लावायचाच असेल तर पेशंट पुढे पाठवून मागे लावता येईल का. देव काय जागा सोडून जात नाही. मी हे मनापासून म्हणतेय, माझ्या आईनेही आयुष्यभर कौल लावले, तिच्या श्रद्धेला मला हात लावायचा नाहीये, मला फक्त ते दोन तास हवेत.

आता दाखवण्याबद्दल. शब्दांपेक्षा डोळ्यांवर विश्वास बसतो म्हटलं ना, मग आपणही डोळ्यांनाच दाखवायचं. आमच्याकडे घोणस, फुरसं यांच्या केसमध्ये एक अगदी साधी तपासणी असते, २० मिनिटांची. पेशंटचं दोन मिली रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, आणि नळी स्टँडवर उभी ठेवून द्यायची, हलवायची नाही, हात लावायचा नाही. २० मिनिटांनी नळी हळूच आडवी करायची. निरोगी माणसाचं रक्त साकळून नळीला धरून बसतं, खाली पडत नाही. विष चढलेलं असेल तर पाण्यासारखं एका बाजूला वाहून येतं. पूर्वी मी हे टेबलाच्या कोपऱ्यात करून फाइलवर लिहून मोकळी व्हायची. आता मी नातेवाइकांतल्या एकाला बोलावते, शक्यतो सगळ्यात जास्त वाद घालणाऱ्याला, त्याच्या मोबाइलवर वेळ लावायला सांगते आणि नळीसमोर उभं करते. ती २० मिनिटं तो नळीकडेच बघत असतो. नळी आडवी केली आणि रक्त वाहिलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी कितीही भाषणं देऊन आणू शकले नसते. मग विषाच्या उताऱ्याचं इंजेक्शन लावायचं, आणि सहा तासांनी पुन्हा तीच नळी, पुन्हा तोच माणूस. रक्त नळीला धरून बसलेलं दिसलं की तो बाहेर जाऊन दहा जणांना सांगतो, त्याच्या भाषेत सांगतो. एका भावाने तर नळीचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता, आवाज पण त्याचाच, "बघा, हे सकाळचं, हे आत्ताचं". त्याच्यापेक्षा चांगला विज्ञानाचा कार्यक्रम मी बघितलेला नाही. (तुम्ही वर्गात हे करू नका, रक्ताचं काम आहे. पण तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून असा एखादा व्हिडिओ मिळवता येईल, पेशंटचं नाव-चेहरा न दाखवता.)

आता तो फॉरवर्ड. हा मेसेज मला गेल्या दहा-बारा वर्षांत किती वेळा आला मोजलं नाही, नागाच्या विषापासून केलेलं होमिओपॅथीचं औषध, प्रत्येक घरात ठेवा, पाच-दहा रुपयांत जीव वाचवा. तुम्ही त्याखाली खोटं आहे लिहिलंत. माझ्या हिशोबाने त्यात तीन गोष्टी चुकल्या आणि तिन्ही मी स्वतः केलेल्या आहेत. एक, तुम्ही सगळ्यांदेखत बोललात, म्हणजे ज्याने पाठवला तो आता मेसेज सोडून स्वतःची अब्रू वाचवायला लागला, त्याच्या भावकीतले त्याच्या मदतीला आले. ज्याने पाठवलंय त्याला आधी फोन करा, हा माणूस वाईट नाहीये, त्याला पाच रुपयांत गावातला जीव वाचवायचा होता, त्याची ही इच्छा पहिल्यांदा मान्य करा. दोन, तुमचं उत्तर त्याच मेसेजखाली गेलं, म्हणजे ज्यांनी तो वाचला नव्हता त्यांनीही वर जाऊन वाचला. खोट्या गोष्टीला आपणच पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं तर ती ओळखीची होते, आणि ओळखीचं झालं की खरं वाटायला लागतं. म्हणून खरं आधी, मोठ्याने, त्याच्या स्वतःच्या पायावर उभं राहील असं सांगायचं, आणि खोट्याचा उल्लेख करायचाच तर एका वाक्यात. तीन, तुम्ही त्यांच्या हातातलं काढून घेतलंत पण हातात काही दिलं नाहीत. रात्री दोनला बायकोला साप चावलाय, पाऊस कोसळतोय, रस्त्यावर झाड पडलंय, त्या माणसाला काहीतरी करायचं असतं, काहीही. थेंब टाकणं सोपं आहे, खिशात मावतं. त्याच्या जागी तुम्ही काय देताय?

मी हे देते: चावलेला हात-पाय हलवू नका, मोडलेल्या हाडाला बांधतात तशा दोन्ही बाजूंनी कामट्या लावून सैल बांधा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आली की ती मांसात रुततात. पेशंटला चालवू नका. १०८ ला फोन लावा, आणि अँब्युलन्स लांब असेल तर वाट बघत बसू नका, मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून निघा. साप मारायला, पकडायला, शोधायला एक मिनिटही घालवू नका, आमचं इंजेक्शन चारही सापांवर एकच आहे आणि उपचार आम्ही लक्षणं बघून करतो. एवढंच. हे सगळं करायला माणसाला पाच मिनिटं लागतात, हात गुंतलेले राहतात, घाबरलेल्या घरात प्रत्येकाला एक काम मिळतं. मी हे ४० सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये आमच्या आशाताईंच्या आवाजात रेकॉर्ड केलंय, गावच्या बोलीत. माझ्या आवाजात होतं तेव्हा कोणी पुढे पाठवत नव्हतं, त्यांच्या आवाजातलं तीन तालुके फिरून मलाच परत आलं.

त्या थेंबांवर वाद झालाच तर रसायनशास्त्रात शिरू नका. इतक्या वेळा पातळ केल्यावर त्यात मूळ पदार्थाचा एक रेणूही राहत नाही, हे खरं आहे, पण ग्रुपवर रेणूवर कोणी हरत नाही. मी साधा प्रश्न विचारते: इंजेक्शन बनवणारे घोड्यांना चारही सापांचं विष थोडं थोडं टोचून, त्यांच्या रक्तातून औषध काढतात, मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम पिढ्यान् पिढ्या केलं, एवढा खटाटोप पाच रुपयांच्या थेंबांनी भागत असता तर केला असता का? आणि लगेच पुढचं वाक्य, थेंब टाकलेत तरी चालेल, पण गाडीत बसून टाका. भगताला सांगितलं तेच.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती टाळून चालत नाही. तुमच्या गावातला कोणीतरी म्हातारा उठून म्हणेल, तुम्हीच तर शाळेत शिकवलंत वर घट्ट दोरी बांधा, ब्लेडने चीर द्या, रक्त काढा. तो खरं बोलतोय. प्रथमोपचाराच्या पुस्तकांत ते होतं, मीही शाळेत तेच पाठ केलं होतं. अशा वेळी सारवासारव करायची नाही. मी सरळ सांगते की हो, आम्ही तसं सांगत होतो, ते चुकीचं निघालं. आवळून बांधलेले काळेनिळे पाय आम्ही बघितले, दोरी सोडल्याबरोबर पेशंट ढासळताना बघितले, चीर दिलेल्या जागेतून रक्त थांबेना कारण घोणशीच्या विषाने रक्त साकळायचंच बंद केलेलं. बघितलं, मोजलं, म्हणून बदललं. आणि ज्या दिवशी आत्ताच्या सल्ल्यात काही चूक सापडेल त्या दिवशी मीच येऊन सांगेन. पहिल्यांदा हे बोलताना मला भीती वाटली होती की उरलासुरला विश्वास पण जाईल. उलट झालं, तो म्हातारा कार्यक्रम संपल्यावर थांबून बोलत बसला. चूक कबूल करणारा माणूस लोकांना भरवशाचा वाटतो, डॉक्टर असला तरी.

तसंच शब्दांचं. पेपरात सर्रास "सर्पदंशावरची लस" छापतात, दवाखान्यातही आम्ही लस लसच म्हणतो. त्यामुळे लोक मला विचारतात, मग ती लहान मुलांना आधीच टोचून का घेत नाही? त्यांच्या जागी प्रश्न अगदी बरोबर आहे, लस म्हणजे आधी घ्यायची असं आपणच शिकवलंय. आणि दुसरा प्रश्न, ती घरी फ्रीजमध्ये ठेवता येईल का? म्हणून मी आता "विषाचा उतारा, सापाचं इंजेक्शन" म्हणते आणि सोबत सांगते की ते घोड्याच्या रक्तापासून होतं, काहींना त्याची जबरदस्त रिअॅक्शन येते, दम लागतो, बीपी पडतं, म्हणून बाजूला अॅड्रेनलिन भरून ठेवूनच सलाईनमधून देतात. पोरांच्या बाबतीत अजून एक प्रश्न हमखास येतो की एवढ्याशा पोराला दहा बाटल्या कशाला. साप वय बघून विष कमी घालत नाही, म्हणून डोस मोठ्यांएवढाच, हे एक वाक्य सांगितलं की आई शांत होते.

आता जे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतः तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. विचारा की सापाच्या इंजेक्शनच्या किती बाटल्या आहेत, रात्री कोण असतं, ऑक्सिजन आहे का, हाताने श्वास द्यायचा फुगा आहे का. सुरुवातीचा डोसच आठ-दहा बाटल्यांचा असतो, त्यामुळे कपाटात दोन बाटल्या असल्या तर ते नसल्यासारखंच. तुम्ही लोकांना सांगितलंत थेट दवाखान्यात जा, आणि त्यांना तिथे कुलूप दिसलं किंवा "पुढे न्या" एवढंच ऐकायला मिळालं, तर तुमचा शब्द खोटा पडला, आणि तो मांत्रिकामुळे पडला नाही. मी एका गावात हे भोगलंय. लोकांनी माझं ऐकून जवळच्या सरकारी केंद्रात नेलं, तिथे साठा नव्हता, मुलगी वाटेत गेली. तिचे वडील मला काही बोलले नाहीत. त्यानंतर मी कुठल्याही गावात आधी साठा बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि भिंतीवर केंद्राचं नाव लिहिते ते जिथे रात्री माणूस आणि औषध दोन्ही असतं त्याचं, मग ते २० किलोमीटर लांब का असेना.

आणि एका कार्यक्रमात एकच गोष्ट सांगा. तुम्ही चार साप, ओळखायच्या खुणा, प्रथमोपचार, गैरसमज, कायदा सगळं एका संध्याकाळी घेतलंत. मला विचाराल तर जूनच्या आधी फक्त मण्यार घ्या. मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, मग पापण्या उघडत नाहीत, बोलणं जड होतं, आणि घरचे समजतात पित्त झालं नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलं. ओळखू येत नाही म्हणूनच भुताखेताची गोष्ट तिच्याभोवती सगळ्यात लवकर तयार होते. "पावसाळ्यात पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तर साप समजा", एवढं एक वाक्य गावाच्या लक्षात राहिलं तरी कार्यक्रम वसूल. आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून झोपणं, शक्य असेल तर खाट. मण्यारीच्या पेशंटला वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर तो चार-पाच दिवसांनी चालत घरी जातो. असा चालत घरी गेलेला माणूस तुमच्या तालुक्यात कुठेतरी आहे, त्याला शोधा, त्याला बोलायला बोलवा. आमच्याकडची एक ताई सांगते की मला सगळं ऐकू येत होतं, नवरा रडत होता ते पण, फक्त डोळे उघडता येत नव्हते. ती हे बोलते तेव्हा ओटीवर कोणी हलत नाही.

सापांच्या रील्सबद्दल मात्र मी कडक आहे. नीलिमकुमार खैरेंनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत काढले, त्यात मुद्दा होता की साप उगाच अंगावर येत नाही, आणि तो मुद्दा लोकांच्या मनात बसला, पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आता पोरं नागाचा मुका घेतात, गळ्यात घालून नाचतात, त्याखाली लाखो लाइक्स. त्यातून पाहणाऱ्याला कळतं काय, तर साप ही धाडसाची वस्तू आहे. सापाला हाताळू नका हे सांगायचं आणि हाताळून दाखवायचं, दोन्ही एकदम होत नाही. तुमच्या कार्यक्रमाला जिवंत साप घेऊन कोणी येतो म्हणाला तर नको म्हणा, कायद्यानेही ते बसत नाही.

आकड्यांचं विचारलंत म्हणून. देशात २००० ते २०१९ या काळात साधारण १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० च्या आसपास, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. दवाखान्यांच्या नोंदींत याच्या कितीतरी कमी दिसतात, कारण बरीच माणसं दवाखान्यात पोचतच नाहीत, हा आकडा घरोघरी जाऊन मृत्यूंची विचारपूस करून काढलेला आहे. हा आकडा आमदारांना सांगा, झेडपीच्या सभेत सांगा, साठ्यासाठी अर्ज करताना लिहा, तिथे तो काम करतो. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढलाय, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्यात ठरलंय, त्याचाही हवाला द्या. पण ओटीवर नको. तिथे ५८,००० ऐकून माणूस सुन्न होतो आणि घरी जाऊन तेच करतो जे आधी करत होता.

बदल होतो का, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. होतो, मी डोळ्यांनी बघितलाय, विंचवाच्या बाबतीत. कोकणातल्या लाल विंचवाने पोरं पटापट जायची, फुप्फुसात पाणी भरून. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, ब्लडप्रेशरची प्राझोसिन नावाची साधी गोळी यात जीव वाचवते हे दाखवून दिलं, गावागावातल्या डॉक्टरांना ते शिकवलं. आमच्या भागात विंचू उतरवणारे होते, आज त्यांच्याकडे फारसं कोणी जात नाही. त्यांच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढला नव्हता. संध्याकाळी गार पडलेलं पोर सकाळी खेळताना दिसायला लागलं, जवळच्या दवाखान्यात, दर वेळी, आणि आयांनी एकमेकींना सांगितलं.

आता आजोबांकडे जा. भेटायला म्हणून जा, फळं वगैरे घेऊन, आणि देवाने वाचवलं म्हणाले तर हो म्हणा. मग शांतपणे विचारा की बांधावर चावलं तेव्हा किती वाजले होते, देवळातून निघालात किती वाजता, सलाईन लागलं किती वाजता. तिन्ही वेळा त्यांच्यासमोर, त्यांच्या नातवाकडून कागदावर लिहून घ्या. डायलिसिस किती वेळा झालं तेही. आणि विचारा की पुढच्या वेळी तुम्ही माझ्या शेजारी खुर्चीवर बसून हे गावाला सांगाल का. नाही म्हणाले तर आग्रह नको, पुन्हा जा. हो म्हणाले तर मला कळवा, त्या दिवशी मी रजा टाकून येते, काजूबिया माझ्याकडे आहेत.